मागच्या फळीवरचे नाव

"तुम्ही सांगता ते नाव नव्हे हो," बिनतारी यंत्रावरचा माणूस कानांवरील चकत्या घट्ट दाबून म्हणाला. "अक्षरं तुटतायत, पण हे दोन-तीन शब्दांचं वाटतंय. बाईमाणसाचं नाव तर नव्हेच. दुसरीच कुठली बोट असणार."

वृद्ध कप्तान खिडकीशी जाऊन उभा राहिला. खिडकीबाहेर वादळ बंदराचा धक्का धुऊन काढीत होते, आणि त्याची एकुलती एक कन्या सकाळीच नवऱ्यासह शिडाच्या बोटीतून दूरच्या सफरीस निघाली होती.

ती बोट त्याने स्वहस्ते बांधली होती. मागच्या फळीवर आपल्या दिवंगत पत्नीचे नाव कोरले होते. त्या नावावरूनच बापलेकीत वाजले होते.

"बाबा, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन समुद्रात जाऊ नये म्हणतात. जिवंत माणसाचं काहीतरी लिहूया ना."

"आईच्या नावाला रंधा लावलास, तर बाप मेला असं समज!"

मुलगी पाठ फिरवून निघून गेली होती. लहानपणी ती पाण्याला भिऊन त्याच्या गळ्याला मिठी मारी. "मी आहे ना!" असे तो म्हणाला, की मगच तिची मिठी सैल होई. आज मात्र रागाच्या भरात तो तिला निरोप द्यावयास धक्क्यावरदेखील गेला नव्हता.

दार ढकलून बचावनौकेचा चालक आत आला. बंदरात बचावनौका एकच होती, आणि चालक कप्तानाच्याच हाताखाली तयार झालेला.

"काका, उत्तरेच्या खडकावर बोट फुटतेय. निघतो मी."

"उत्तरेला? ती वाट परतणाऱ्यांची; बाहेर जाणारे दक्षिणेनं जातात. माझी पोर परत फिरायची नाही, हट्टात माझ्यावर गेलीय. तू दक्षिणेला जा."

"तिकडून तर हाकच आलेली नाही!"

"म्हणूनच जीव टांगणीला लागलाय ना! उत्तरेकडून बोलतंय कोण?"

"पुरुषाचा आवाज आहे," यंत्रावरचा माणूस म्हणाला.

"बघ! आमच्या जावईबापूंना ते यंत्र कुठून दाबायचं तेही कळत नाही. बोलली असती तर तीच बोलली असती."

"आणि त्या खडकावरच्यांचं काय, काका?"

ज्या हातांनी त्याला सुकाणू धरावयास शिकविले होते, तेच हात कप्तानाने त्याच्यापुढे जोडले.

"त्यांचं त्यांचे बाप बघतील. तू माझ्या पोरीला आण रे!"

चालकाने मान खाली घातली. नौका दक्षिणेकडे वळली.

बऱ्याच वेळाने यंत्रावरच्या माणसाने कानांवरील चकत्या काढून ठेवल्या. "गप्प झाले," तो म्हणाला.

"कुणाची लेकरं असतील, कोण जाणे," कप्तान पुटपुटला, आणि पुन्हा दक्षिणेकडे डोळे लावून बसला.

उजाडता उजाडता वादळ शमले. नौका रिकामीच परतली. येताना चालकाने उत्तरेच्या खडकाला वळसा घातला होता, आणि तेथे तरंगणारी एक फळी उचलून आणली होती. त्याने ती कप्तानाच्या पायाशी ठेवली.

फळीवर नुकताच रंधा फिरलेला होता, आणि त्या कोऱ्या लाकडावर, बापाने हात धरून गिरवून घेतलेल्या वळणात, ताज्या निळ्या रंगाने बोटीचे नवे नाव लिहिले होते: 'मी आहे ना'.