उसनं चालणं

तानाक्कांनी सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालून यायचं आणि त्याचा गुण घरी बसलेल्या रंगनाथआप्पांच्या काळजाला आणि साखरेला लागायचा. दोघांच्या दंडावर पट्ट्या होत्या. लाल पट्टीवाल्यानं चालायचं, हिरवीवाल्याला लाभायचं. "माझ्या पायांवर जगतोय नवरा," असं आक्का गावभर ऐकवायच्या.

पण दोघांच्या वाटचं चालून आक्कांचे गुडघे झिजले. काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आक्का, आता थांबा, नाहीतर अंथरूण धराल. आप्पांना हळूहळू चालता येईल की."

"ते? ते पाण्याचा तांब्या उठून घेत नाहीत," आक्का म्हणाल्या. "मी थांबले तर त्यांचं काळीज थांबेल. मीच चालणार."

आज त्यांना जाग आली तेव्हा ऊन ओट्यावर आलं होतं. उशीर झाला म्हणून चरफडत त्या शेंगा फोडायला बसल्या, तर बसल्या जागी धाप लागली, कपाळावर घाम आला. गुडघ्यांतली कळ मात्र ओसरत होती, कुणी आतून तेल सोडावं तशी. त्यांनी दंडाकडे पाहिलं. रात्री तिथं लाल पट्टी होती, आता आप्पांची हिरवी होती.

"सुलभा, सासरे कुठायत तुझे?"

सून दारातून बघत होती. "देवळाकडं निघालेत. चार पावलं टाकतात, भिंत धरून थांबतात. हाक मारू का?"

"नको. परत फिरायला निमित्तच हवं असतं त्यांना." आक्कांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि पाय लांब केले. "देवळापर्यंत जाऊ दे मला."