एकाच टाकीवर

शनीच्या टायटन या चंद्रावर इंधनाची ददात नव्हती; हवेतच मिथेन होता. टाकीत भरून न्यावा लागे तो ऑक्सिजन. म्हणून शाल्मलीनं आपल्या चिमुकल्या विमानासाठी हट्टानं फोर-स्ट्रोक इंजिन निवडलं होतं. टू-स्ट्रोक भारी अधाशी, आणि बॅटऱ्या त्या थंडीत मान टाकायच्या.

पण टाकी एकच. इंजिनही तिच्यावर जगायचं आणि शाल्मलीही. आज समोरच्या वाऱ्यानं इंजिनाला फार राबवलं. तळाचे दिवे दिसू लागले, तेव्हा काटा तांबड्यात गेला होता.

"इंजिन बंद कर," तळावरचे उड्डाणप्रमुख इनामदार रेडिओवरून म्हणाले. "उरलेला श्वास तुझ्यासाठी ठेव."

"सर, पडेन मी!"

"पृथ्वीवर पडली असतीस. कर बंद."

तिनं डोळे मिटून चावी फिरवली. पण विमान काही पडेना. त्या दाट हवेत, चंद्राच्या क्षीण ओढीत ते नुसतं तरंगत, अलगद उतरत राहिलं.

तिनं डोळे उघडले. मिथेन जाळून इंजिनानं सोडलेल्या वाफेचं हिम झालं होतं. एरवी ते विमानाच्या दूर मागंच राहायचं; या चंद्रावर पाण्याचं हिम पडताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. ते तिच्या पंखांच्या बरोबरीनं, तितक्याच सावकाश खाली येत होतं. आणि तळावरची माणसं दिव्यांखाली उभी होती, हातमोज्यांच्या ओंजळी पसरून.