वरातीचं गाणं

"चर्चचं गाणं नको हं मास्तर. वरात आहे, नाचायचंय आम्हाला," नवऱ्याच्या मामांनी बजावलं आणि इनास मास्तरांचं तोंडच उतरलं. त्यांचा वसईचा ब्रास बँड कुठल्याही लग्नात आधी मरियामातेचं गीत वाजवायचा. नवरानवरीसाठी तेवढी प्रार्थना झाल्याशिवाय मास्तर दुसऱ्या गाण्याला हात लावत नसत.

क्लॅरिनेटवाला बावतीस मात्र गालात हसला. ड्रमवाल्याच्या कानाशी लागून म्हणाला, "तेच गीत वाजवायचं. फक्त दुप्पट वेगानं." मास्तरांनी आधी डोळे वटारले, मग मिटले आणि मुकाट्यानं ट्रम्पेट ओठांना लावलं.

मग काय, वरात रंगलीच! सगळ्यांत जास्त मामाच नाचले, दातांत रुमाल धरून. "वन्स मोर!" ओरडत त्यांनी घराच्या दारापर्यंत दुसरं गाणं म्हणून वाजवू दिलं नाही. इतकी प्रार्थना तर बावतीसच्या स्वतःच्या लग्नातही झाली नव्हती.

रविवारी मामा लग्नाचे लाडू घेऊन मास्तरांना शोधत थेट चर्चमध्ये आले. मिस्सेची प्रार्थना चालू होती. बावतीसनं त्यांना शेजारी बसवलं, आणि नेमकं तेव्हाच गायकांनी तेच गीत धरलं, अगदी संथ.

मामांनी कान टवकारले. मांडीवर बोटांनी ठेका धरला. मग रागानं कुजबुजले, "अहो, तुमच्या फादरनी आमच्या वरातीचं गाणं चोरलं की!"

बावतीसनं क्रूसाकडे बघून मनोमन क्षमा मागितली. "जाऊ द्या मामा," तो म्हणाला, "हळू म्हणतात, पण मनापासून म्हणतात."