घरात आणखी कुणाला?

"घरात आणखी कुणाला आहे का हा संधिवात? आई, वडील?" डॉक्टर अनुसूयांनी कन्नडमध्ये विचारलं.

"इल्ला," रणोजीराव म्हणाले. "आमच्यात कुणालाच नाही."

बोलताना त्यांचे दोन्ही हात मांडीवरच्या कापडी पिशवीखाली होते. शेजारी त्यांची मुलगी नव्या बसली होती.

डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे सरकवला. नव्याच्या रक्तात या दुखण्याच्या अँटिबॉडी सापडल्या होत्या. सांध्यांना अजून सूज नव्हती, सकाळी बोटं तेवढी आखडत. पुढे आजार होईल, कदाचित होणारही नाही. "लक्ष ठेवलं तर बोटं वाकडी होण्याआधी आवरता येतं," डॉक्टर म्हणाल्या. "घरात कुणाला असतं, तर मी दर तीन महिन्यांनी बोलावलं असतं. नसेल तर सहा पुरेत."

नव्या म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीतल्या एका कारखान्यात तांदळाच्या दाण्याएवढे भाग सर्किटवर सोल्डर करायची. तिचं पोट तिच्या बोटांवर होतं. रणोजीरावांना हे पक्कं ठाऊक होतं. खरं सांगायला एक शब्द पुरला असता. तो जिभेवर आला आणि त्यांनी गिळला.

नऊ वर्षं स्वतःचा संधिवात झाकून ठेवला होता त्यांनी. आपल्या पूर्वजांनी म्हैसूरच्या फौजेत तलवार गाजवली, हे ते पाहुण्यांना चहा येण्याआधीच ऐकवत. त्या घराण्याच्या कर्त्या पुरुषाला मूठ वळता येत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार? दसऱ्याच्या आयुधपूजेला म्यानातून तलवार उपसायचा मान त्यांनी पुतण्याला, शरतला, देऊन टाकला. नातेवाइकांनी त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं आणि त्यांनी ते मुकाट्याने करून घेतलं. दर महिन्याला ते देवदर्शनाला म्हणून बसने नंजनगूडला जात. तिथे एक डॉक्टर होता आणि ओळखीचं कुणी नव्हतं. घरचे त्यांना भाविक समजत.

डॉक्टरांनी फाइलवर काहीतरी लिहिलं, ती मिटली आणि नव्याच्या हातात दिली.

बाहेरच्या बाकापाशी नव्या म्हणाली, "तुमी बसा, अप्पा. मी गाडी घेऊन येते. फाइल धरा."

त्यांनी फाइल दोन तळव्यांत दाबून धरली. सुटलो एकदाचा, असं वाटलं. आणि तसं वाटल्याची इतकी लाज वाटली की कान तापले. पोटच्या पोरीच्या हातांपेक्षा आपली अब्रू मोठी झाली. थू असल्या अब्रूवर. आत जाऊन खरं सांगायचंच, असं ठरवून ते उठले. सहाचे तीन करून घ्यायचे, ते पान काढायला त्यांनी मनगटाने फाइल उघडली.

डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'तीन महिन्यांनी.'

चुकून लिहिलं असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी पान उलटलं. खाली नव्याने सकाळी काउंटरवर भरून दिलेला फॉर्म होता. 'घरातील इतर रुग्ण' या रकान्यात तिच्या बारीक कन्नड अक्षरात लिहिलेलं होतं:

'वडील. दोन्ही हात, नऊ वर्षं. विचारलंत तर नाही म्हणतील. माझ्यासमोर त्यांना खोटं पाडू नका.'