अप्पांची गळाची काठी

अव्वाची जिन्यावर चाहूल लागली तशी शशिधरने काठी पलंगाखाली सारली. व्हार्निश अजून ओलं होतं. एका कडेला धूळ चिकटली आणि चार दिवसांची मेहनत वाया गेली.

"कसला वास येतोय रं?" अव्वाने दारातूनच विचारलं.

"कपाटाला पॉलिश करायलोय."

अव्वाने कपाटाकडे पाहिलं. कपाट लोखंडी होतं. ती चहा ठेवून खाली गेली.

पन्नाशीला आलेला माणूस, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत चाळीस जणांवर सुपरवायझर, आणि आईपासून चोरून काम करत होता. कारणही तसंच होतं. त्याचे वडील शिवपुत्र, म्हणजे अप्पा, वारल्यावर जयसिंगपूरचं कापडदुकान रिकामं करताना माळ्यावर ही काठी निघाली होती. हिरव्या इरकलीच्या तुकड्यात गुंडाळलेली. बांबूची, दोन तुकड्यांची, पितळी रिळाची. मासे धरायची.

तीही लिंगायताच्या घरात! वाढदिवसाचा केक बिनअंड्याचा आहे का हे अव्वा दुकानदाराला दोनदा विचारायची. शेजारी मटण शिजलं की खिडक्या लावून घ्यायची. अशा घरातले, गळ्यात लिंग घातलेले अप्पा नदीकाठी गळ टाकून बसलेत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की शशिधरला हसू आवरत नसे. पण अव्वाचा विचार आला की हसू पळायचं. बावन्न वर्षांचा संसार. तिच्या मनातल्या अप्पांना आपल्यामुळे डाग लागला, तर त्याने स्वतःला कधीच माफ केलं नसतं.

काठी फेकून देणंही जिवावर येत होतं. अप्पांनी कुणालाच न दाखवलेली ही एकच वस्तू होती. ती हातात घेतली की अप्पा नव्याने भेटल्यासारखे वाटायचे. शेवटी त्याने ठरवलं, काठी नीट करायची, अप्पांना जाऊन वर्ष होईल त्या दिवशी एकदाच पाण्यात टाकायची आणि पुन्हा गुंडाळून ठेवायची. अव्वाला मात्र पत्ता लागू द्यायचा नाही.

मासेमारीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. फौंड्रीतला कृष्णात दर रविवारी नदीवर जाणारा, त्याने शिकवलं. जुनं व्हार्निश काचेच्या तुकड्याने खरवडायचं. दोरा ओवायच्या कड्या लाल रेशमाने घट्ट बांधायच्या. दोन तुकडे जोडणारी पितळी नळी चिरली होती, ती शशिधरने जेवणाच्या सुट्टीत लेथवर नवी करून घेतली. कृष्णातने मुठीचं बूच धरून पाहिलं. बोटांच्या खुणा चांगल्या खोल गेल्या होत्या.

"हात बारका हुता की तुझ्या अप्पांचा."

"तरुणपणी बारीकच होते," शशिधर म्हणाला. तसा एक फोटो होता घरात.

"लई मासं धरल्याली काठी हाय ही. हौशी माणसाचं काम न्हवं हे."

शशिधरची छाती उगाचच फुगली.

हे मासे कुठे धरले असतील, तेही त्याला हळूहळू उमगलं. अमावस्येला दुकान बंद असे आणि अप्पा-अव्वा खिद्रापूरला देवदर्शनाला जात. सकाळी गेले की थेट संध्याकाळी परत. पोरांना कधी सोबत नेलं नाही. देऊळ कृष्णेच्या काठी. अव्वा आत जप करत बसायची आणि अप्पा मागच्या मागे नदीवर सटकायचे, दुसरं काय! भोळ्या बिचारीला आयुष्यभर गंडवलं त्यांनी.

पण अव्वाला आता संशय आला असावा. माळ्यावरचं सामान घरी आल्यापासून आणखी काही निघालं का, असं तिने तीनदा विचारलं होतं. शशिधरने तीनदा नाही म्हटलं होतं.

वर्ष झालं त्या दिवशी त्याने गाडी काढली. काठी डिकीत, पोत्याखाली. खिद्रापूरला दर्शन झाल्यावर अव्वाला मंडपातल्या गार दगडावर बसवलं, गाडी सावलीत लावून येतो म्हणून सांगितलं आणि काठी घेऊन तो नदीवर उतरला.

कणकेची गोळी लावून त्याने काठी फिरवली. गळ मागच्या बाभळीत अडकला. दुसऱ्यांदा फिरवली तर त्याच्याच शर्टाच्या पाठीत रुतला. तो काढायला म्हणून मान वळवली, तर मागे अव्वा उभी. ती काठीकडेच बघत होती.

शशिधरने भडाभडा सगळं सांगून टाकलं. काठी अप्पांची आहे, माळ्यावर सापडली, वर्षभर लपवली.

"त्यांनी मासा खाल्ला नसणार, अव्वा. नुसतं धरून सोडत असतील. त्यांच्यावर राग धरू नको."

अव्वाने त्याच्या शर्टातला गळ अलगद सोडवला. नवी नळी चाचपली, लाल रेशमावरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. शशिधरला केवढं हायसं वाटलं. तिला सगळं ठाऊक होतं तर! तिने अप्पांना केव्हाच माफ करून टाकलं होतं.

"झ्याक केलीस रं," ती म्हणाली. "एक बी खाल्ला न्हाय कधी. समदं परत पाण्यात सोडलं."

मग तिने पदर कमरेला खोचला, काठी त्याच्या हातातून काढून घेतली आणि पाण्याकडे तोंड करून उभी राहिली.

"तू जा आता वर, देवळाच्या दारात बस. तुझं अप्पा तितंच बसायचं. कुणी वळखीचं पावणं येताना दिसलं, की जोरात खोकायचं."