बारावा फोटो

"हलू नका," हे म्हणाले. समोर टेबलावर नुसता लाल भोपळा होता.

नवा डिजिटल, मिररलेस मीडियम फॉरमॅट कॅमेरा येऊन चारच दिवस झाले होते. त्याचा स्क्रीन वर वळवून, तो पोटाशी धरून, जुन्या रोलच्या कॅमेऱ्यात बघायचे तशीच मान खाली घालून हे फोटो काढत सुटले होते. भोपळ्याचे साठ, कढीपत्त्याच्या कुंडीचे शंभर, दूधवाल्याचेसुद्धा तीस. माझा एकही नाही.

जुन्या कॅमेऱ्याच्या रोलमध्ये बाराच फोटो निघायचे. खाली स्टुडिओत गिऱ्हाइकांचे अकरा झाले, की रोल संपवून धुवायला टाकायचा म्हणून हे जिना चढून घरात यायचे आणि उरलेला बारावा माझा काढायचे. ओल्या केसांची, रुसलेली, पिठाने माखलेल्या हातांची अशी मी कितीतरी रोलांच्या शेवटी आहे.

"अहो, ह्याचा रोल संपतो कधी?" मी विचारलं.

"संपतच नाही! कार्डात हजारो मावतात," हे कौतुकाने म्हणाले.

"मग झालंच माझं," म्हणत मी भोपळा उचलला आणि आत नेऊन चिरला.

दुसऱ्या दिवशी खाली एक कुटुंब फोटो काढायला आलं, तेव्हा हे नवाच कॅमेरा घेऊन खाली गेले होते. मी कणीक मळत होते. ह्यांचा आवाज वर आला, "नऊ... दहा... अकरा. जरा बसा हं, एवढा रोल संपवून येतो."

जिन्यावर पावलं वाजली. मी घाईघाईने हात धुतले, पुसले, आणि मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा पिठात घातले.