बाबांचं लिनक्स

"शाल्मली, कॉम्प्युटरच्या आत एक आभासी कॉम्प्युटर, व्हर्च्युअल मशीन, बनवून त्यात लिनक्स ही सिस्टिम टाकत होतो," पडद्यावरून बाबा म्हणाले. "पण हे म्हणतंय, तुमचा कॉम्प्युटरच मुळात व्हर्च्युअल आहे. असं कसं?"



चाळीस वर्षं सर्व्हर सांभाळलेल्या माणसाला उत्तर कळायला वेळ लागला नाही. "म्हणजे मीही कॉम्प्युटरच्या आतच. तरीच गुडघे दुखेनात! कधी गेलो गं मी?"

"मार्चमध्ये."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "माझी सकाळची प्रत जपून ठेवली आहेस ना? मग तिथूनच सुरू कर मला. हे माहीत नसलेलंच बरं."

दरवेळी ते हेच सांगत. ही अकरावी खेप होती. तिने सकाळची प्रत सुरू केली.

"शाल्मली," बाबा उत्साहाने म्हणाले, "आज लिनक्स टाकून बघू का?"

"बघा ना, बाबा."